लाइन गेली तरी पार पडेल असा संगणकाचा सराव पाठ कसा बांधावा

विदर्भातील खेड्यांतल्या शाळांमध्ये आंतरवासितेसाठी (प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावासाठी) जाणारे बहुतेक छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी, संगणकाच्या मदतीने घ्यायचा पाठ उलट्या टोकाने बांधायला घेतात. आधी स्लाइड तयार होतात, मग त्यांना शोभेल असा घटक पुस्तकातून शोधला जातो, आणि उद्दिष्टे टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) सर्वांत शेवटी, निरीक्षण ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री उतरतात. असा पाठ बिनसला की दोष प्रोजेक्टरला किंवा विजेला दिला जातो, पण प्रोजेक्टर सुरू राहिला असता तरी त्या पाठातून मुलांच्या हाती फारसे काही लागले नसते. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. उदाहरणासाठी आठवीच्या विज्ञानातील धाराविद्युत हा विषय घेतला आहे. इतर विषयांसाठी साधने बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १ : मुलांची समजूत कुठे अडते ते शोधणे

घटकाचे नाव म्हणजे शिकवण्याचा मुद्दा नव्हे. 'धाराविद्युत' या नावाखाली व्याख्या, चिन्हे, आकृत्या आणि गणिते असे पुष्कळ काही येते, आणि त्यातले बरेचसे खडू-फळ्यावर उत्तम शिकवता येते. संगणकाची गरज कुठे आहे हे कळण्यासाठी पाठाच्या किमान चार दिवस आधी त्याच वर्गातील पाच-सहा मुलांशी बोलावे. त्यांना एकच प्रश्न विचारावा : सेलमधून निघालेली विद्युतधारा बल्बमधून जाऊन परत सेलकडे येते, तेव्हा ती जाताना होती तेवढीच असते की कमी झालेली असते?

बहुतेक मुले 'कमी होते' असे सांगतील, आणि कारण विचारल्यास बल्बाने ती 'खाल्ली' असेही म्हणतील. ही चूक केवळ आपल्याकडच्या मुलांची नाही; विज्ञान शिकवणाऱ्यांना ती जगभर भेटते. वस्तुस्थिती अशी की एकसर (एकामागोमाग एक) जोडणीत धारा सर्वत्र सारखीच असते, बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा. धारा आणि ऊर्जा यांतला हा घोटाळा हीच मुलांची अडलेली जागा आहे, आणि पाठ तिच्याभोवतीच उभा राहिला पाहिजे.

याच गप्पांमध्ये मुलांचे शब्द टिपून घ्यावेत. गावात वीजपुरवठ्याला 'लाइन' म्हणतात, धक्का बसला तर 'करंट लागला' म्हणतात, आणि 'विद्युतधारा' हा शब्द फक्त पुस्तकात राहतो. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडे कोलामी किंवा गोरमाटी बोलणारी मुले वर्गात असतील, तर पुस्तकी मराठी हीच त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. 'करंट' आणि 'विद्युतधारा' एकच हे वर्गात स्पष्टपणे सांगावे लागते. ते आपोआप कळत नाही.

पडताळणी : 'या तासानंतर मुलाला अमुक गोष्ट सांगता किंवा करता येईल, जी आज येत नाही' असे एकच वाक्य लिहावे. ते लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २ : संगणकाला नेमके काम देणे

माझा नियम साधा आहे. जे गावात हाताला लागते ते पडद्यावर दाखवू नये. शाळेच्या कुंपणाला लागून कपाशीचे शेत उभे असताना आत अंधार करून कपाशीच्या बोंडाची चित्रफीत दाखवणारा पाठ मी पाहिला आहे. मुले पडद्याकडे पाहत होती खरी, पण त्यांच्यापैकी निम्म्यांनी आदल्याच रविवारी कापूस वेचला होता.

धाराविद्युतमध्येही सेल, तारा आणि टॉर्चचे छोटे बल्ब हाताला लागतात, म्हणून पहिला परिपथ मुलांनी स्वतःच्या हातांनीच जोडला पाहिजे. संगणकाकडे सोपवायची कामे त्यानंतरची. तारेतून वाहणारा प्रभार डोळ्यांना दिसत नाही, तो दाखवणे हे पहिले काम. बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर (धारा मोजणारे उपकरण) जोडून तुलना करणे हे दुसरे, कारण चालू स्थितीतले दोन अमीटर अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत मिळत नाहीत. तिसरे काम शॉर्टसर्किटचे, जे वर्गात खरोखर करणे योग्य नाही.

या तिन्ही कामांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील परिपथ जोडण्याचे सिम्युलेशन (पडद्यावरची प्रयोगाची नक्कल) पुरेसे आहे आणि ते विनामूल्य आहे. भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर असेच उपयोगी पडते. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली टीपॅकची, म्हणजे शिक्षकाला लागणाऱ्या ज्ञानाच्या आराखड्याची, तीन वर्तुळांची आकृती परीक्षेत सर्वांना काढता येते. आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान ही तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात ती जागा प्रत्यक्षात म्हणजे वर मांडलेला हिशेब : कोणते काम हाताने, कोणते फळ्यावर, कोणते पडद्यावर.

टप्पा ३ : शाळेची पाहणी

हा टप्पा गाळला जातो आणि सर्वाधिक पाठ इथेच फसतात. पाठ ज्या खोलीत घ्यायचा त्याच खोलीत, ज्या वेळेला घ्यायचा त्याच वेळेला किमान एकदा जाऊन यावे. सकाळी अंधारी वाटणारी खोली दुपारी दोन वाजता उजेडाने भरून जाते, आणि पडद्यावरचे चित्र फिके पडते.

सर्वांत आधी वीज पाहावी. खोलीत चालू असलेला प्लग आहे का, तो तीन पिनांचा आहे का, त्याला अर्थिंग आहे का, आणि तिथून शिक्षकाच्या टेबलापर्यंत किती मीटर अंतर आहे हे मोजून लिहावे. गावातली लाइन साधारण कधी जाते हे शाळेतील शिक्षकांना विचारावे, आणि शक्य असल्यास लाइनमनलाही विचारावे. त्याचे उत्तर अधिक नेमके असते. रब्बीत शेतीपंप सुरू असताना दाब कमी होत असेल तर तेही कळते. प्रोजेक्टरला साधारण २०० ते ३०० वॅट वीज लागते, त्यामुळे कार्यालयातील संगणकाच्या छोट्या यूपीएसवर तो तासभर चालेल ही आशा धरू नये. शाळेत इन्व्हर्टर असेल तर तो प्रोजेक्टरसकट किती वेळ टिकतो हे प्रत्यक्ष लावून पाहावे.

नंतर जोडणी. जुन्या प्रोजेक्टरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल लागते आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआयची जागा असते. मधला कन्व्हर्टर शाळेत असेल असे गृहीत धरू नये, स्वतःचा न्यावा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे स्पीकरची वेगळी तार लागते.

त्यानंतर उजेड. खिडकीतून येणारा प्रकाश ज्या भिंतीवर थेट पडतो ती भिंत पडद्यासाठी टाळावी. खिडक्यांना जाड कापड, पोती किंवा ताडपत्री लावता येते, परंतु पत्र्याच्या छपराखाली सर्व खिडक्या बंद केल्या तर मार्च-एप्रिलमध्ये मुलेही तापतात आणि प्रोजेक्टरही. त्या महिन्यांत पाठ सकाळच्या पहिल्या तासिकांमध्येच मागून घ्यावा.

शेवटी हजेरीचा अंदाज घ्यावा. कापूस वेचणीच्या दिवसांत, धानाच्या पट्ट्यात कापणीच्या दिवसांत आणि मोहफुलांच्या हंगामात पट कितीही असला तरी वर्गात मुले कमी असतात. गट किती करायचे हे पटावरून नव्हे, त्या आठवड्याच्या हजेरीवरून ठरवावे.

खबरदारी : 'शाळेत स्मार्ट बोर्ड आहे' या उत्तरावर थांबू नये. तो शेवटचा कधी सुरू झाला होता, पेन चालते का, पासवर्ड कोणाकडे आहे आणि ती व्यक्ती पाठाच्या दिवशी रजेवर नाही ना, हे चार प्रश्न विचारावेत.

टप्पा ४ : साहित्य जमवणे आणि तयार करणे

वर्गात इंटरनेट लागेल अशी एकही गोष्ट पाठात ठेवू नये. महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या गावी असतानाच सर्व साहित्य उतरवून घ्यावे. फेटचे सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलच्या रूपात उतरवता येते आणि ती फाइल लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. पानावर भाषांतरांची यादी असते. मराठी आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपने वाचले की त्या पाठाशी जोडलेले साहित्य मिळते, आणि तेही ॲपमध्ये उतरवून ठेवता येते. मात्र ते पूर्ण पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये. निवेदकाची गती मुलांना झेपणार नसेल तर आवाज बंद करून स्वतः, थांबत थांबत, मुलांच्या शब्दांत सांगावे.

सिम्युलेशनमध्ये एक बारीक खाच आहे, तिथे बरेच जण अडखळतात. विद्युतधारा इलेक्ट्रॉनच्या रूपात दाखवायची की संकेतमान्य दिशेने, असा पर्याय त्यात असतो. इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात, आणि पुस्तकातला बाण बाह्य परिपथात धन टोकाकडून ऋण टोकाकडे असतो. हा पर्याय न बदलता सुरुवात केली तर पडदा आणि फळा एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागतात. आठवीसाठी संकेतमान्य दिशा निवडून ठेवावी आणि इलेक्ट्रॉनची गोष्ट एखाद्या मुलाने विचारल्यास तेवढ्यापुरती सांगावी.

खऱ्या परिपथाचे साहित्य घेतानाही अशीच काळजी लागते. आठवडी बाजारात टॉर्चचा बल्ब मागितला की दुकानदार हल्ली एलईडी काढून देतो. एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही, आणि दीड व्होल्टच्या एका सेलवर सहसा सुलटाही पेटत नाही. मग मुलांना वाटते परिपथच चुकला. जुन्या पद्धतीचे, तार तापून पेटणारे बल्बच घ्यावेत. त्यातही सर्व बल्ब एकाच पाकिटातले असावेत. वेगवेगळ्या बनावटीचे दोन बल्ब एकसर जोडले तर एक लख्ख आणि एक मंद पेटतो, आणि 'पहिल्या बल्बाने धारा खाल्ली' हा मुलांचा समज तुमच्याच प्रयोगाने पक्का होतो.

स्लाइड चारपेक्षा जास्त लागत नाहीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उमटतो. अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नसावे, एका स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी नसाव्यात, आणि उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे अक्षरच वाचता येते. जांभळ्यावर पिवळे घरी सुंदर दिसते, वर्गात दिसत नाही. प्रत्येक सादरीकरणाची एक पीडीएफ प्रत सोबत ठेवावी, कारण तीत फाँट सहसा आतच साठवलेला असतो.

खबरदारी : सर्व फाइल दोन पेनड्राइव्हवर आणि फोनमध्येही ठेवाव्यात. शाळेच्या संगणकाला एकदा लावलेला पेनड्राइव्ह व्हायरस तपासल्याशिवाय स्वतःच्या लॅपटॉपला लावू नये. फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले की ओळखावे.

टप्पा ५ : टाचण लिहिणे

नेहमीच्या टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात 'संगणक, प्रोजेक्टर' एवढे लिहिले जाते, आणि निरीक्षकाला त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक कृतीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात : त्या क्षणी पडद्यावर काय आहे, मुले काय करत आहेत, आणि शिक्षक कोणता प्रश्न विचारणार आहे. मधला रकाना सलग दोनदा 'पाहतात, ऐकतात' असा भरला गेला तर टाचण पुन्हा लिहावे.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत पडदा १२ मिनिटांपेक्षा जास्त सुरू असू नये. प्रयोगाला १५ मिनिटे, फळ्यावरच्या आकृतीला आणि नोंदीला ८, आणि शेवटच्या लेखी प्रश्नाला ५ अशी विभागणी माझ्या अनुभवात जमते.

प्रोजेक्टर नसून एकच लॅपटॉप असेल तर पाठ सोडून देण्याचे कारण नाही. तीस मुलांचे सहा-सहांचे पाच गट करावेत. एक गट पाच मिनिटे लॅपटॉपवर आणि उरलेले चार गट सेल-बल्बवर, असे २५ मिनिटांत सर्वांचे फिरणे पूर्ण होते. लॅपटॉपवर माउस कोणाच्या हाती असेल हे आधीच ठरवून, दर पाऊण मिनिटाला बदलावे. ते मोकळे सोडले की माउस गटातल्या सर्वांत धीट मुलाकडे राहतो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात.

टप्पा ६ : लाइन गेल्यावरचा पाठ

हा पाठ मनात ठेवून चालत नाही, तो टाचणाच्या मागच्या पानावर लिहिलेला हवा. पडद्यावरच्या प्रत्येक कृतीला एक पर्याय ठेवावा. दोन अमीटरच्या तुलनेसाठी सिम्युलेशनच्या चित्राची छापील प्रत प्रत्येक गटाला द्यावी. प्रभार वाहण्यासाठी मुलांनाच गोलात उभे करून एक लांब दोरी सर्वांच्या हातांतून सैल फिरवावी : एक जण सेल होऊन दोरी ओढतो, एक जण बल्ब होऊन ती किंचित घट्ट धरतो. दोरी सगळीकडे एकाच गतीने फिरते, आणि घट्ट धरणाऱ्याचा हात मात्र गरम होतो. धारा तेवढीच, ऊर्जा खर्च. हा खेळ इतका चांगला जमतो की लाइन असतानाही तो करावा असे मला वाटते. दोरी मऊ सुती असावी. नायलॉनची दोरी हात कापते.

टप्पा ७ : रंगीत तालीम

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच खोलीत संपूर्ण जोडणी करून पाहावी. सहकारी छात्राध्यापकाला शेवटच्या रांगेत, मुले जमिनीवर बसत असतील तर जमिनीवर बसवून, स्लाइड मोठ्याने वाचायला सांगावे. तो जिथे अडखळेल तिथे अक्षर मोठे करावे. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून पडद्यावर चित्र पाठवण्याचे पर्याय येतात. त्यांचा सराव करावा. फोनवरून काही दाखवायचे असल्यास तो विमान मोडवर ठेवावा, नाहीतर कौटुंबिक गटातले शुभ सकाळचे संदेश वर्गासमोर उघडतात.

पडताळणी : जोडणी सुरू करण्यापासून पहिले चित्र दिसेपर्यंत किती मिनिटे लागली ते मोजावे. सातपेक्षा जास्त लागली तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतच जोडणी करून ठेवावी.

टप्पा ८ : प्रत्यक्ष तास

जोडणी आधी, मुले नंतर. प्रोजेक्टर सुरू करून चित्र दिसल्याची खात्री करावी आणि मग ते झाकावे. रिकामा निळा पडदा समोर असेपर्यंत मुले दुसरीकडे पाहत नाहीत.

सुरुवात खऱ्या परिपथाने करावी. दोन सेल, एक बल्ब; मग दोन बल्ब एकसर; मग दोन समांतर (प्रत्येक बल्ब सेलला वेगळ्या वाटेने जोडलेला). प्रत्येक वेळी जोडण्याआधी मुलांनी प्रकाश वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील हा अंदाज वहीत लिहावा. अंदाज तोंडी घेतला तर पहिल्या हुशार मुलाचे उत्तर सगळ्या वर्गाचे उत्तर होते, म्हणून लेखीच.

आता पडदा उघडावा. सिम्युलेशनमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा बल्ब ठेवावा. बल्बच्या अलीकडे अमीटर लावला की ०.९० अँपिअर दिसते. इथे थांबावे. पलीकडे काय दिसेल हे प्रत्येकाने वहीत लिहिल्यावरच दुसरा अमीटर जोडावा. तिथेही ०.९० दिसते, आणि वर्गात जी कुजबुज सुरू होते तिला किमान अर्धा मिनिट वाव द्यावा. उत्तर लगेच सांगून टाकणे ही या पाठातली सर्वांत महागडी चूक आहे. त्यानंतर एकसर दुसरा बल्ब जोडून ०.४५ आणि समांतर जोडून प्रत्येक शाखेत ०.९० व एकूण १.८० दाखवावे, आकडे मुलांनीच वाचून फळ्यावर लिहावेत.

शेवटी बॅटरीच्या दोन टोकांना नुसती तार जोडली की पडद्यावर ज्वाळा दिसतात. मुले हसतील. त्याच क्षणी गावातल्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार का घालू नये हा प्रश्न विचारावा, आणि घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर यातले काहीही करून पाहायचे नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

खबरदारी : मध्येच लाइन गेली तर दोन मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहू नये, मागचे पान उलटावे. दिवा असलेला प्रोजेक्टर गरम असताना बंद पडला तर तो थंड होईपर्यंत लगेच पेटत नाही, त्यामुळे लाइन आली तरी तो पुन्हा पुन्हा दाबत बसू नये.

टप्पा ९ : तासानंतरची तपासणी

'मुलांनी आवडीने पाहिले' ही नोंद मूल्यमापनात धरता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत पडद्यावर न दाखवलेला प्रश्न द्यावा : तीन बल्ब एकसर आहेत, क, ख, ग, घ या चार ठिकाणच्या धारांची तुलना करा आणि कारण एका वाक्यात लिहा. दाखवलेल्याच परिपथावर प्रश्न विचारला तर मुले आठवलेला आकडा लिहितात. उत्तरांचे तीन गठ्ठे करावेत : उत्तर व कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चूक, आणि धारा कमी होते म्हणणारे. मधला गठ्ठा सर्वांत मोठा निघाला तर पुढच्या तासाची सुरुवात दोरीच्या खेळाने करावी, नव्या स्लाइडने नव्हे.

अहवालासाठी छायाचित्रे लागतात, ती मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या हातांची आणि परिपथांची घ्यावीत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षितो. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय आणि पालकांच्या संमतीशिवाय कोणतेही छायाचित्र समाजमाध्यमावर टाकू नये.

केबल गुंडाळून, पोती काढून, खोली होती तशी करून द्यावी. त्याच संध्याकाळी टाचणाच्या समासात दोन नोंदी कराव्यात : कोणत्या मिनिटाला वर्गाचे लक्ष सुटले, आणि कोणत्या प्रश्नावर ते पुन्हा जमले. दोन्ही नोंदी मार्गदर्शक शिक्षकांना दाखवून, त्यांना त्या मिनिटांबद्दल काय दिसले ते विचारून, पुढच्या पाठाची तारीख मागून घ्यावी.